उजेडात पाहिलेला लॅपटॉप

कॉलेजचा मेसेज आला तेव्हा माझी सून उप्पिटाला फोडणी देत होती. तिने एका हाताने फोन उचलला, वाचला आणि ओट्यावर पालथा ठेवला. फोन पालथा ठेवणारं माणूस काहीतरी गिळतंय हे मला कळतं, म्हणून मी विचारलं. "काही नाही अत्ते, कॉलेजचं आहे," ती म्हणाली. आमच्याकडे सासूला अत्ते म्हणतात. शब्द कानडी, पण म्हैसुरात आमच्या इतक्या पिढ्या गेल्या की आता तो आमचाच झालाय. मी पदराला हात पुसले आणि फोन सरळ केला. तिसऱ्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने सोमवारपासून स्वतःचा लॅपटॉप आणावा, असं इंग्रजीत लिहिलं होतं. खाली आणखी एक पान जोडलेलं होतं. ते मी उघडलं नाही.

लॅपटॉप एवढा एकच शब्द मी वाचला आणि घाबरले. पैशांचं म्हणाल तर ते कसेही उभे राहिले असते. मला भीती वेगळीच होती. या वेळी काही अडलं तर पोरीचं शिक्षण कायमचं बुडणार होतं, आणि ते बुडवण्यात माझा हात आधीच कोपरापर्यंत होता.

ते सांगायला हवं. सून नंजनगूडची, वडील तिथल्याच एका कारखान्यात. आम्ही मुलगी बघायला गेलो तेव्हा ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती, गणित आणि संख्याशास्त्र घेऊन. तिच्या वडिलांनी हुंडा, मानपान, कशाचाच विषय काढला नाही. एवढंच म्हणाले की तिचं एक वर्ष राहिलंय, तेवढं पुरं होऊ द्या. मी चार माणसांत छाती काढून सांगितलं, "आमच्या घरातली पोर कुणी शिकली नाही, सून तरी शिकू दे." सगळ्यांना बरं वाटलं. मला तर फारच बरं वाटलं.

लग्न झालं आणि कॉलेजं सुरू व्हायच्या सुमारास माझे यजमान गेले. दुकानात माणूस हवं होतं, मी म्हणाले पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी तिला दिवस गेले. मग नात तान्ही होती. मग माझा गुडघा. दर वर्षी मी "नोडोण" म्हणायचे. नोडोण म्हणजे बघू. आमच्या घरात नको म्हणायचं झालं की तसंच म्हणतात. ती दर वर्षी "बरं" म्हणायची आणि कामाला लागायची. मला वाटायचं, मुलगी समजूतदार आहे. ओळखीच्या बायकांपाशी मी तिचं कौतुकही करायचे, की एका शब्दाने बोलत नाही.

या वर्षी ती एकटीच जयलक्ष्मीपुरमला कॉलेजात जाऊन आली. आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाली की ऑफिसात चौकशी केली, या वर्षी नाव घातलं तर आधीच्या दोन वर्षांचे मार्क धरतात, पुढच्या वर्षापासून नाही. मग पहिल्यापासून सुरुवात. "फॉर्म भरून आले. सही कुणाची लागत नाही, पण सांगावं म्हटलं," असं म्हणून ती आत गेली. मी तिथेच उभी. राग आला, लाज वाटली, आणि मग नुसती काळजी लागली. तेव्हापासून जीव टांगणीला लागला तो लागलाच. वर्गात एकोणीस-वीस वर्षांची पोरं, ही पंचविशीची, तीन वर्षांच्या मुलीची आई. हसले कुणी तर? जमलं नाही तर? नातीला ताप आला आणि ही घरी बसली तर? मी देवापुढे बसले की स्तोत्र अर्ध्यात विसरायचे.

म्हणून लॅपटॉपचं नाव निघालं तेव्हा मी मनाशी ठरवलं की हा मी घेऊन देणार. माझ्या पसंतीने, माझ्या हाताने. बाकी काही देता आलं नव्हतं, हे तरी नीट देईन. बुधवारी मेसेज आला आणि रविवारपर्यंत मी म्हैसुरातल्या निम्म्या माणसांचं डोकं खाल्लं.

दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी विचारत होते. आमचं दुकान मार्केटच्या मागच्या गल्लीत आहे, रंगाऱ्याचं. पूर्वी घराण्यात कापडावर छपाई व्हायची, ती आजेसासऱ्यांबरोबर संपली. आता उरलंय ते मॅचिंग. बायका साडीची चिंधी घेऊन येतात आणि तशाच रंगात परकर, ओढणी, ब्लाउजचं कापड रंगवून मागतात. मी आणि मुलगा मागे भट्टीपाशी, सून पुढे काउंटरवर. कुणाची चिंधी कुठली, कुणाला कधी द्यायचंय, कोण घासाघीस करणार, सगळं तिच्या डोक्यात. तर कंपनीत काम करणारी एक बाई ओढणी न्यायला आली, तिने रॅम जास्त बघा म्हणून सांगितलं. एक मास्तर म्हणाले बॅटरी. समोरचा शिंपी म्हणाला वजन बघा, पोरगी बसने जाणार. मुलगा म्हणाला, "अम्मा, माझ्या दोस्ताचा जुना आहे, अर्ध्यात देतो. स्वल्प स्क्रॅच आहे, अष्टे." तेवढंच काय ते, म्हणे. मी त्याला झाडून काढलं. त्याच्या गाडीला नवा हॉर्न चालतो, बायकोला जुना लॅपटॉप का, असं विचारलं. तो भट्टीकडे निघून गेला.

या सगळ्यात मी ज्या एका माणसाला काही विचारलं नाही, ते माणूस समोर काउंटरवर बसून चिंध्यांना टाचण्या लावत होतं. हे मला आता दिसतं. तेव्हा मला वाटत होतं, तिला कशाला त्रास द्यायचा.

रॅम आणि बॅटरी यातलं मला काही कळेना, आणि कळेना तसा धीर सुटत गेला. शनिवारी एकदम सुचलं की आपल्याला जे कळतं ते बघावं. मला रंग कळतो. चाळीस वर्षं मी तेच केलंय. जो स्क्रीन रंग खोटा दाखवत नाही, ते मशीन चांगलं असणार, बाकीही त्यांनी नीटच बनवलं असणार. हे सुचल्यावर मला इतकं हायसं वाटलं की त्या दिवशी जेवण गोड लागलं.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. ट्यूबलाइटखाली रंग ठरवायचा नाही. चिंधी आणि रंगवलेल्या कापडाचं टोक घेऊन बाहेर फुटपाथवर यायचं, उजेडाकडे पाठ करायची आणि मग बघायचं. दिव्याखाली चिंतामणी निळा वाटतो आणि अबोली गुलाबी. बाहेर आलं की खरं काय ते कळतं. ही सवय हाडीमाशी इतकी खिळली आहे की मी टोमॅटोसुद्धा भाजीवाल्याच्या छत्रीबाहेर काढून बघते. सुनेला बघायला गेलो तेव्हाही "जरा अंगणात ये गं" म्हणाले होते. ती आली, उन्हात डोळे बारीक करून उभी राहिली. मला काय बघायचं होतं देव जाणे, पण तिचे वडील कानकोंडे झाले ते आठवतं.

रविवारी दुकान बंद असतं. मी, मुलगा आणि सून असे तिघे मोठ्या रस्त्यावरच्या शोरूमला गेलो. नातीला शेजारी ठेवलं. मी पर्समध्ये चिंध्यांचा डबा घेतला होता. डाळिंबी, आनंदी, मोरपंखी, श्रीखंडी, चिंतामणी, अशा दहा-बारा. सुनेच्या हातात घडी घातलेला एक कागद होता. मला वाटलं कॉलेजची पावती असेल.

शोरूममध्ये दिवे इतके की सावलीसुद्धा पडेना. ओळीने लॅपटॉप मांडलेले आणि प्रत्येकावर तोच डोंगर, तेच तळं. टी-शर्ट घातलेली एक तरुण मुलगी पुढे आली, कानडीत विचारलं की कुणासाठी हवाय, कशासाठी. मी म्हणाले सुनेसाठी, शिकायला. तिने सुनेकडे बघून विचारलं की अभ्यासात कुठला प्रोग्राम वापरतात. सुनेने तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगते, मी पाहिलं. पण तेवढ्यात मी डबा उघडून काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "आधी हे बघू या."

मी त्या मुलीला डाळिंबी चिंधीचा फोटो काढायला लावला आणि तो एकेका लॅपटॉपवर उघडायला लावला. ती बिचारी हसत हसत करत गेली. पहिल्यावर डाळिंबीची वीट झाली. दुसऱ्यावर राणी रंग. तिसऱ्यावर तर काय झालं ते सांगायला आमच्या धंद्यात नाव नाही. मुलगा लाजून फोनच्या विभागात जाऊन उभा राहिला. सहाव्या का सातव्या मशीनवर मात्र डाळिंबी दिसला, जसा आहे तसा. मी मोरपंखी लावून बघितला. बरोबर. श्रीखंडी लावला, ज्याने भलेभले फसतात. बरोबर. पण दिव्याखालचं सगळं खोटं, म्हणून मी तो लॅपटॉप उचलला आणि दाराकडे निघाले. त्याला मागून वायर बांधली आहे हे मला दिसलं नाही. दोन पावलं गेले आणि सगळ्या शोरूममध्ये शिट्टी वाजायला लागली. दारावरचा माणूस धावत आला. मुलगा फोनच्या विभागातूनही गेला, कुठे ते दिसेना.

शेवटी मॅनेजरने वायर सोडवली आणि स्वतः बरोबर दारापर्यंत आला. मी रस्त्याकडे पाठ करून उभी राहिले. बाहेरच्या उजेडात स्क्रीन थोडा फिका पडला, पण रंग हलला नाही. डाळिंबी डाळिंबीच राहिला. मी म्हणाले हाच. मग सुनेकडे वळले, ती दोन पावलं मागे उभी होती. हातातला कागद तिने उघडला होता.

"छान आहे ना गं?" मी विचारलं.

तिने लॅपटॉपकडे बघितलं, मग माझ्याकडे. कागदाची घडी घातली. "छान आहे, अत्ते," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी मी स्वतः त्याला हळदकुंकू लावलं, कोपऱ्यात, चिमूटभरच. ती नवी बॅग घेऊन निघाली. दुपारी परत आली तेव्हा मी विचारलं कसा चालला, ती म्हणाली चालला. कुणी हसलं का? नाही. बसायला पुढे मिळालं का? मिळालं. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. ती दुपारी यायची, जेवायची, नातीला निजवायची आणि संध्याकाळी काउंटरवर बसायची. चेहरा ओढलेला दिसायचा. मला वाटलं, अभ्यासाची सवय मोडलीय, होईल हळूहळू. पण काळजी जाईना. ओला रंग कायम गडद दिसतो, सुकल्यावर खरा कळतो, असं मी स्वतःला समजावत होते.

गुरुवारी ती कॉलेजला गेल्यावर मी कपाटात नातीचा फ्रॉक शोधत होते. खालच्या कप्प्यात, तिच्या साड्यांच्या मागे, लॅपटॉप ठेवलेला होता. वायर गुंडाळलेली, झाकणावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही.

आधी वाटलं विसरली. मग वाटलं, चार दिवस रोज कसं विसरेल. मग नको नको ते मनात आलं. ही कॉलेजला जातेच ना? की बॅग घेऊन निघते आणि कुठे तरी बसून परत येते, कारण आम्हाला सांगायची लाज वाटते? सोडलं असेल का तिने? मी मुलाला काही बोलले नाही. नातीला शेजारी सोडलं, लॅपटॉप एका जुन्या ओढणीत गुंडाळला आणि रिक्षा केली. रिक्षावाला हळू चालवतोय म्हणून मी त्याच्याशी भांडले. तो काही हळू चालवत नव्हता.

जयलक्ष्मीपुरममधल्या त्या कॉलेजात मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. लग्नाला पाच वर्षं झाली तरी हे कॉलेज आहे कुठे, तेही मला नीट माहीत नव्हतं. फाटकावरच्या माणसाने वर जायला सांगितलं. दुसऱ्या मजल्यावर लांब व्हरांडा, तिथे बाकांवर मुलं लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. एका टोकाला माझी सून होती. गेलेली होती, हे बघून मी आधी भिंतीला हात टेकून श्वास घेतला.

ती वहीत लिहीत होती. शेजारी एक लहानशी चष्मेवाली मुलगी, तिच्या मांडीवर लॅपटॉप. ती मुलगी आकडे वाचून दाखवत होती आणि माझी सून ते पेनाने भराभरा उतरवून घेत होती. पानंच्या पानं भरली होती. सगळ्या व्हरांड्यात पेन एकट्या तिच्या हातात होतं. मुलगी म्हणाली, "अक्का, थांबा, पुढचं टेबल मोठं आहे," आणि तेवढ्यात सुनेने मान वर केली.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग ओढणीतल्या गाठोड्याकडे. तिने वही मिटली, मुलीला काहीतरी सांगितलं आणि मला जिन्याकडे घेऊन आली. आम्ही पायरीवर बसलो. माझा गुडघा दुखतो म्हणून तिने मला कठड्याकडची बाजू दिली.

मग तिने सांगितलं. कॉलेजने जो प्रोग्राम दिलाय, आकडेमोडीचा, तो या लॅपटॉपवर चढतच नाही. याची सिस्टीम फोनच्या घराण्यातली आहे. इंटरनेट बघायला, सिनेमा बघायला उत्तम. कॉलेजला दुसरी सिस्टीम लागते. सोमवारीच सरांनी बघून सांगितलं होतं. शनिवारी इंटर्नल परीक्षा होती, स्वतःच्या मशीनवर, आणि मशीन नसेल त्याला त्या पेपरचे मार्क नाहीत. बॅगेतून तिने तो कागद काढला. मेसेजबरोबर आलेलं पान, छापून घेतलेलं. कुठली सिस्टीम हवी ते पहिल्याच ओळीत होतं आणि त्याखाली तिने पेनाने रेघ मारली होती.

मला संताप आला. खरं सांगायचं तर आधी संतापच आला, बाकी सगळं नंतर. "तोंड शिवलं होतं का तुझं?" मी म्हणाले. "कागद हातात होता आणि मूग गिळून उभी राहिलीस? मी काय तुला खाणार होते?"

जिन्यावरून दोन मुलं खाली गेली. ती जाईपर्यंत सून थांबली.

"तुम्ही विचारलंत, छान आहे ना. छानच आहे तो," ती म्हणाली. "मला चालेल का, असं कुणी विचारलं नाही."

"म्हणजे माझीच चूक."

"तसं नाही, अत्ते. बिडी ते." सोडा ते, म्हणाली, पण तिने स्वतः सोडलं नाही. बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत बसली आणि मग एकदम बोलायला लागली, कानडी आणि मराठी एकात एक. "दर वर्षी तुम्ही नोडोण म्हणालात आणि मी बरं म्हटलं. तुम्हाला वाटलं मला पटलं. मला कधीच पटलं नाही. दुसरं काही म्हटलं तर काय होईल, त्याची हेद्रिके. भीती वाटते हो. रविवारी शोरूममध्ये पण तेच. हा नको म्हटलं असतं, तुम्ही सगळ्यांसमोर रागावला असता, आणि घरी येऊन म्हणाला असता, नको मग जाऊस कॉलेजला. लॅपटॉपसाठी कॉलेज कुठे घालवू? म्हटलं, वहीत लिहून काढीन. जमेल तसं जमेल."

मी तसं कधीच म्हटलं नसतं, असं मला तिला सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलंही. पण मला माझी जीभ माहीत आहे. शोरूममध्ये, माणसांसमोर, माझ्या पसंतीला सुनेने नाक मुरडलं असतं तर मी काय बोलले असते, हे मला त्या पायरीवर बसून स्वच्छ ऐकू आलं. ओढणीच्या गाठीवर हात ठेवून बसून राहिले. खूप वाईट वाटत होतं आणि रडू मात्र येत नव्हतं.

"ऊठ," मी शेवटी म्हणाले. "बदलून आणू."

शोरूममध्ये तीच टी-शर्टवाली मुलगी होती. मला बघितल्यावर तिने आधी दाराकडे बघितलं. खोकं उघडलेलं मशीन ते पूर्ण किमतीत परत घेत नाहीत, म्हणून काही तोटा सोसावा लागला. मी त्यावर भांडले नाही, आणि मी भांडले नाही हे सुनेच्या लक्षात आलं असावं, कारण तिने वळून बघितलं. मी दारापाशी स्टुलावर बसले. सून आत गेली, कागद काउंटरवर पसरला आणि त्या मुलीला कानडीत एकेक विचारायला लागली. पाच वर्षांत मी तिला गिऱ्हाइकांशी बोलताना रोज ऐकलंय, पण हे बोलणं वेगळं होतं. यातला एकेक शब्द तिला आधीपासून येत होता. ती मध्येच "नाही, तो नको" म्हणाली. दोनदा म्हणाली. मी मोजलं.

तिने घेतला तो लॅपटॉप जाड आणि काळा होता आणि त्याच्या स्क्रीनवरचे रंग बघवत नव्हते. मी जीभ चावून बसले. मला कुणी काही विचारलं नाही, आणि ते मला लागलं, हे लपवण्यात अर्थ नाही. घरातली मोठी बाई मी, आणि एक वस्तू माझ्या समोर घेतली गेली, पण माझ्याशिवाय.

बाहेर आलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. तिला परत कॉलेजला जायचं होतं, सरांकडून प्रोग्राम चढवून घ्यायला. मला दुकानात. वरमहालक्ष्मीच्या सणाचे दिवस तोंडावर आले होते आणि काउंटरवर चिंध्यांचा ढीग पडला होता, ज्यातली कुठली कुणाची हे फक्त तिला माहीत होतं. आम्ही बसस्टॉपवर उभ्या राहिलो. मी विचार करत होते की ती सहापर्यंत आली तरी आजच्या निम्म्या ऑर्डरी निघतील.

"अत्ते," ती म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती, रस्त्याकडे बघत होती. "मी आता संध्याकाळी दुकानात बसणार नाही. वर्ष संपेपर्यंत."

मी पुढच्या शब्दाची वाट बघितली. चालेल ना, किंवा तुम्ही म्हणाल तसं. ती पुढे काही बोललीच नाही. माझ्या डोळ्यांपुढे तो ढीग आला, उभ्या उभ्या डाफरणारी गिऱ्हाइकं आली, सणाच्या तोंडावर कुठून आणणार नवं माणूस, मुलाला तर कुणाचा परकर आणि कुणाची ओढणी तेही कळत नाही. तोंडात चार वाक्यं तयार होती आणि चारही तिला थांबवणारी होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"आजपासून."

बस आली. तिने लॅपटॉपची बॅग दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि चढली. मी खाली उभी. आमच्याकडे सरकारी बसला बायकांना पैसे पडत नाहीत, नुसतं आधार कार्ड दाखवावं लागतं. कंडक्टर तिच्यापाशी आला, आणि ती पर्समधून कार्ड काढायला लागली. दोनदा कार्ड निसटलं. खिडकीतून मला ते स्पष्ट दिसत होतं. हाक मारून सांगावंसं वाटलं, भिऊ नकोस गं. पण ती भीत होती ती मलाच.